अमूल्य म्हणजे बिनकिमतीचं का?

वाचक भगिनी बडोद्याच्या आहेत. वय सेहेचाळीस, शाळा मराठी माध्यमाची, पुढे बी.कॉम. गुजरातीतून. सहा वर्षांपासून त्या एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये रिसेप्शनवर काम करतात. इंग्रजी शब्द अडतात म्हणून इंग्रजी माध्यमात बारावीला असलेल्या मुलाने त्यांना एक युक्ती शिकवली. शब्दाची पहिली दोन-तीन अक्षरं बघायची, अर्थ तिथेच कळतो. 'इन', 'अन', 'डिस' दिसलं की 'नाही'. दिवाळीत मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना मिठाईच्या डब्यासोबत एकेक चिठ्ठी दिली. यांच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की या वर्षी तुमची मदत 'इनव्हॅल्युएबल' होती. व्हॅल्यू म्हणजे किंमत, इन म्हणजे नाही. म्हणजे आपल्या मदतीला काडीची किंमत नाही, असा अर्थ काढून त्यांनी डबा वॉचमनला देऊन टाकला आणि पंधरा दिवस डॉक्टरांशी कामापुरतंच बोलल्या. एका सहकारी बाईंनी चिठ्ठी पाहून अभिनंदन केलं तेव्हा उलगडा झाला. घरी मुलगा पोट धरून हसला. त्याच महिन्यात फोनवर एका रुग्णाच्या नातेवाइकाला त्यांनी 'हायपो'च्या जागी 'हायपर' सांगितलं. नर्सने ऐकलं, लगेच दुरुस्त केलं, काही बिघडलं नाही. आता सेंटरमध्ये सुपरवायझरची जागा निघाली आहे, इंग्रजीची छोटी परीक्षा आहे, फॉर्मची शेवटची तारीख पंधरा. यजमान म्हणतात, कशाला नसती उठाठेव. एक क्लास तीस दिवसांत तीन हजार शब्द पाठ करून देतो, पण फी भरपूर आहे. त्या विचारतात: फॉर्म भरू का? क्लास लावू का? आणि शब्दाच्या सुरुवातीवर आता विश्वास ठेवायचा की नाही? सही केली आहे, 'एक बिनकिमतीची'.

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचताना मी आधी हसले, खोटं कशाला बोलू. मग वॉचमनला डबा देऊन टाकल्याचं वाक्य आलं आणि हसू थांबलं. वर्षभर राबून मालकाने लेखी कळवावं की तुमचं काम कवडीमोल, आणि तरीही तुम्ही पंधरा दिवस वेळेवर कामावर जाऊन फोन उचलत राहिलात. अर्थ चुकला होता, पण लागलेलं खरं होतं. त्या पंधरा दिवसांबद्दल तुम्ही पत्रात स्वतःला जेवढं झोडपलं आहे तेवढं झोडपायचं कारण नाही.

आता एक करा. उठून फ्रिज उघडा. लोण्याचं पाकीट असेलच. त्यावर काय लिहिलंय? अमूल. आणंद आपल्यापासून तासाभराच्या आत. तिथल्या दूधवाल्या शेतकऱ्यांचा संघ १९४६ साली उभा राहिला, आणि त्यांच्या मालाला पुढे जे नाव मिळालं त्यात आणंद मिल्क युनियन लिमिटेड ही आद्याक्षरंही बसतात आणि संस्कृतातला 'अमूल्य'ही. अ अधिक मूल्य. इतकी वर्षं हे लोणी पोळीला लावताना 'अरे, हे तर बिनकिमतीचं' असं तुमच्या मनात आलं नाही. कारण अमूल्य म्हणजे ज्याचं मोल करता येत नाही, हे तुम्हाला कुणी न शिकवता ठाऊक आहे. अनमोलचंही तेच. 'इनव्हॅल्युएबल' हा त्याच साच्यातून निघालेला शब्द आहे. डॉक्टरांनी मराठीत लिहिलं असतं तर 'तुमची मदत अमूल्य होती' एवढंच लिहिलं असतं.

म्हणजे शब्द तुम्हाला येत होता. फक्त तो इंग्रजी कपड्यात आला म्हणून तुम्ही त्याला ओळख दाखवली नाहीत.

आणखी जवळचं उदाहरण देते. 'लग्नाला असंख्य माणसं आली' म्हटल्यावर तुम्ही मंडप रिकामा होता असं समजता का? संख्या नाही म्हणजे माणसं नाहीत असं नव्हे, मोजता येत नाहीत असं. अगणित, अपार, अथांग, सगळे त्याच पंगतीतले. इंग्रजीत असंख्यला 'इन्न्यूमरेबल' म्हणतात आणि तिथेही पुढे तोच 'इन' आहे. खरी गोम शेपटाशी आहे. 'एबल' म्हणजे करता येण्याजोगं. मोल करता येण्याजोगं नाही, मोजता येण्याजोगं नाही. तुमच्या मुलाने तुम्हाला डोकं बघायला शिकवलं, शेपूट बघायला सांगितलंच नाही. जो शब्द खरोखर 'किंमत नसलेला' असा आहे, त्याचं 'नाही' इंग्रजीत बहुधा मागे लागतं: 'वर्थलेस', 'यूजलेस'. तसं काही डॉक्टर लिहिते, तर डबा वॉचमनलाच काय, मी तर परत त्यांच्या टेबलावर ठेवा म्हटलं असतं.

तुमच्या पत्रात एक वाक्य तीन वेळा आलं आहे: 'मी मराठी शाळेत शिकले म्हणून.' ते मला मान्य नाही. ही फसवी युक्ती तुम्हाला दिली कुणी? इंग्रजी माध्यमातल्या मुलाने. म्हणजे माध्यम बदलूनही ती चूक गेलेली नाही. आज संध्याकाळी त्याला छाणीच्या बाजूला घेऊन जा. कोयलीच्या रिफायनरीकडून येणारे टँकर हायवेला लागतात, त्यांच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत 'हायली इन्फ्लेमेबल' रंगवलेलं असतं. त्याला म्हणा, तुझ्या नियमाने याचा अर्थ सांग. 'इन' म्हणजे नाही, 'फ्लेम' म्हणजे ज्वाळा, म्हणजे अजिबात न पेटणारा! आणि आत पेट्रोल.

हा 'इन' नकाराचा नाही. लॅटिनमध्ये 'आत' किंवा 'कडे' अशा अर्थाचाही एक 'इन' आहे; त्यापासून भडकवणे, पेटवणे या अर्थाचं क्रियापद झालं आणि 'इन्फ्लेमेबल' म्हणजे चटकन पेट घेणारं. तुमच्या रिपोर्टांत 'इन्फ्लमेशन' येतं ना, सूज आणि दाह, ते याच घरातलं. गंमत अशी की जन्माने इंग्रजी बोलणारी माणसंही या शब्दाला फसू शकतात. म्हणून विसाव्या शतकात सुरक्षेचं काम बघणाऱ्यांनी इशाऱ्याच्या पाट्यांवर नुसतं 'फ्लेमेबल' लिहायचा आग्रह धरला. आता दोन्ही शब्द चालू आहेत आणि दोन्हींचा अर्थ एकच. ज्या चुकीसाठी पाट्या बदलाव्या लागल्या, ती तुमच्याकडून झाली तर त्यात तुमच्या शाळेचा काय दोष?

तर 'इन'चे निदान तीन प्रकार मनात ठेवा. एक नकाराचा: 'इनकरेक्ट', 'इनकम्प्लीट'. दुसरा आतला: 'इन्कम', 'इनसाइड', 'इंजेक्शन'. तिसरा, जो कशाचाच नाही, नुसती अक्षरं जुळलेली: 'इंच'. इंच हा मुळात फुटाचा बारावा भाग, लॅटिनमध्ये 'उंकिया', त्याचा इथे घासून घासून इंच झाला. त्यात नाही पण नाही आणि आत पण नाही. ओळखायला एक साधी गोष्ट करता येते. सुरुवातीच्या अक्षरांवर अंगठा ठेवा आणि उरलेलं वाचा. 'करेक्ट' उरलं, जिवंत शब्द आहे, तर पुढचा तुकडा खरा असण्याची शक्यता बरी. 'च' उरला, तर सोडून द्या. ही परीक्षा दर वेळी पुरी पडत नाही. 'इनव्हॅल्युएबल'वर अंगठा ठेवला तरी 'व्हॅल्युएबल' उरतंच. तिथे मग वाक्याकडे बघायचं. मिठाईच्या डब्याबरोबर माणूस शिवी पाठवतो का? शब्दाने दगा दिला तरी डबा खरं सांगत होता, आणि तुम्ही डब्याचं ऐकलं नाहीत.

कधीकधी 'इन' वेश बदलतो, तेही सांगून ठेवते. पुढे प, ब किंवा म आला की 'इम' होतो: 'इम्पॉसिबल'. ल आला की 'इल': 'इल्लीगल'. र आला की 'इर': 'इर्रेग्युलर'. इंग्रजीच्या पुस्तकात याचे तक्ते असतात आणि मुलं ते घोकतात. तुम्हाला घोकायची गरज नाही. उत् अधिक लंघन म्हणजे उल्लंघन, तत् अधिक लीन म्हणजे तल्लीन, हे तुम्ही आठवी-नववीत संधी सोडवताना केलेलं आहे. पुढच्या ल ने मागच्याला आपल्यासारखं करून टाकलं. जीभ तीच, तिची आळशी सवय तीच.

आणि मराठीत हे सापळे नाहीत असं कुणी म्हटलं तर त्याला 'अनुभव' आणि 'अनुपम' हे दोन शब्द द्या. दोन्हींची सुरुवात 'अनु'. अनुभवमध्ये खरंच अनु आहे, मागोमाग येणारा, अनुचरातला, अनुकरणातला. अनुपममध्ये अनु नाहीच. ते आहे अन् अधिक उपम, ज्याला उपमा नाही असं. अनुचित, अनुत्तीर्ण, अनुदार हे सगळे दुसऱ्या घरातले. आता मुलाला बसवा आणि 'अनुत्तीर्ण'ची फोड करायला सांगा. तो 'अनु' वेगळा काढणार यावर मी पैज लावते. मग पोट धरून हसायची पाळी तुमची. (हसा, पण एकदाच. आईचं हसणं मुलांच्या जास्त लक्षात राहतं.)

संस्कृत शिकवणारे एक जुना श्लोक म्हणून दाखवतात, त्याचा आशय असा की उपसर्ग धातूचा अर्थ बळजबरीने भलतीकडे ओढून नेतो. आणि उदाहरणं कोणती, तर प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. शेवट एकच, 'हार', पण एकात मार बसतो, एकात जेवण मिळतं आणि एकात माणूस फिरायला जातो. बळजबरीने हा शब्द मला फार आवडतो. ज्यांनी व्याकरण रचलं त्यांनाही ठाऊक होतं की इथे सरळ बेरीज चालत नाही.

मी स्वतः लग्न होऊन साताऱ्याहून बडोद्याला आले तेव्हाची गोष्ट. दांडिया बाजारात बिऱ्हाड होतं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बेन दारात येऊन म्हणाल्या, 'तमे नवरा छो?' मी गार. म्हटलं, 'नाही हो, ते ऑफिसला गेलेत.' त्या बिचाऱ्या मला मोकळा वेळ आहे का, एवढंच विचारत होत्या. गुजरातीत नवरा म्हणजे रिकामा, हाताला काम नसलेला. अक्षरं तीच, फक्त उंबरठा दुसरा. पुढे कित्येक वर्षं त्या मला भेटल्या की 'नवरा ऑफिसला गेला का' म्हणून चिडवत. बडोद्यात वाढलेल्या तुम्हाला अशी गफलत होणार नाही, कारण तुम्ही दोन्ही उंबरठे रोज ओलांडता. इंग्रजी हा तिसरा उंबरठा समजा.

आता तुमच्या सेंटरकडे येऊ, कारण तिथला प्रश्न रुसव्याफुगव्याचा नाही.

हायपर आणि हायपो. हे दोन्ही ग्रीक. हायपर म्हणजे वर, जास्त. तो आपल्या 'उपरि'चा सख्खा नातेवाईक आहे, सर्वोपरिमधला. हायपो म्हणजे खाली, कमी. तो 'उप'चा नातेवाईक, उपनगर-उपमहापौरमधला. एकाच मुळाची माणसं दूरदेशी गेली की आवाज बदलतो, तसं झालं आहे. कातडीच्या खाली जाणारी सुई ती हायपोडर्मिक. थायरॉइड जास्त काम करतं तेव्हा हायपर, मंदावतं तेव्हा हायपो. रक्तातली साखर वाढली तर हायपर, उतरली तर हायपो. लक्षात ठेवायला मी माझ्या विद्यार्थिनींना एक तुटकं यमक द्यायचे: पर तो वर, पो तो खोल. कविता म्हणून टाकाऊ आहे, पण टेबलावर चिकटवून ठेवा.

यमक मात्र तुमच्या समजुतीपुरतं. फोनवर रुग्णाला काही सांगायची वेळ आली की त्याचा आधार घ्यायचा नाही. कागदावरचा शब्द एकेक अक्षर करून वाचायचा, समोरच्याकडून परत म्हणवून घ्यायचा, आणि अर्थ विचारला तर 'तो डॉक्टर सांगतील' म्हणायचं. ऐकताना 'पर' आणि 'पो' खराब लाइनवर सारखेच ऐकू येतात, हा दोष तुमचा नाही. साखर उतरलेल्या माणसाला चढली आहे असं सांगितलं तर तो गोड खायचं सोडेल, आणि त्याच वेळी त्याला गोडाची गरज असेल. नर्सने ऐकलं हे नशीब. नशिबावर रिसेप्शन चालवू नका. असे जोडशब्द जिथे जिथे येतात त्यांची एक यादी करून दोन वेगळ्या रंगांत छापून सगळ्यांच्या टेबलाशी लावा, असं तुम्हीच सुचवा. चूक ज्याच्या हातून झाली त्यानेच सुधारणा सुचवली की ती बातमी वेगळी होते.

तुमच्या पाट्यांवर आणखी दोन-तीन फसवे बसले आहेत. 'अँटीनेटल' असं आपण म्हणतो आणि मग ते अँटीबायोटिकच्या शेजारी जाऊन बसतं. गरोदर बाईच्या तपासणीला 'जन्माच्या विरुद्ध' कोण म्हणेल? तो शब्द मुळात 'अँटे', लॅटिन, म्हणजे आधी, जन्माआधीची तपासणी. अँटीबायोटिकमधला 'अँटी' ग्रीक, म्हणजे विरुद्ध. स्पेलिंगमध्ये एका स्वराचा फरक आहे, आपल्या उच्चारात तो गिळला जातो. तसंच 'पेड'. पेडल, पेडेस्ट्रियन, पेडिक्युअर यांत पाय आहे, आपलं 'पद'च. पण पेडियाट्रिक्सच्या पाटीखाली पाय दाखवायला कुणी जाऊ नये. तिथला 'पेड' ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ मूल. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये या दुसऱ्या शब्दात एक जास्तीचं अक्षर अजून राखून ठेवलं आहे, तेवढी खूण पुरते.

आणि सेंटर! सेंच्युरीत शंभर, पर्सेंटमध्ये शंभर, सेंटीमीटरमध्ये शंभरावा भाग, मग सेंटरमध्ये? काहीच नाही. सेंच्युरीतला 'सेंट' लॅटिन शंभर, आपल्या 'शत'चा भाऊ. सेंटर आलं ग्रीक 'केन्ट्रॉन'वरून, म्हणजे टोकदार काठी, कंपासचं रोवलेलं टोक. आता खरी मजा: आपलं 'केंद्र'ही त्याच ग्रीक शब्दावरून ज्योतिषगणिताबरोबर संस्कृतात आलं. म्हणजे तुमच्या पाटीवरचं सेंटर आणि त्याखाली गुजरातीत लिहिलेलं केंद्र हे भाषांतर नसून एकाच आईची दोन मुलं आहेत, एक लांबून फिरून आलेलं.

अशी घरातली माणसं इंग्रजीत ढिगाने आहेत. सप्टेंबरात सप्त, ऑक्टोबरात अष्ट, नोव्हेंबरात नव, डिसेंबरात दश. रोमन लोकांचं वर्ष पूर्वी मार्चपासून सुरू व्हायचं, त्यामुळे ते महिने खरोखरच सातवे ते दहावे होते. पुढे वर्षाची सुरुवात सरकली आणि नावं मागे राहिली. डेंटिस्टमध्ये दंत, मॅटर्निटीत मातृ, मॉर्च्युअरीत मृत. पण म्हणून 'डेक' आणि 'डिक्लेअर'मध्ये दहा शोधू नका.

आणि एक आडवाटेची गोष्ट, परीक्षेला मुळीच येणार नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. काही शब्दांची सुरुवात ना लॅटिन तुकड्यामुळे सारखी असते, ना योगायोगाने. ग्लिटर, ग्लो, ग्लीम, ग्लिंट: 'ग्ल' आला की काहीतरी चमकतं. स्नोअर, स्नीझ, स्निफ, स्नॉर्ट: 'स्न' आला की नाक येतं. १९३० साली जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने अशा आवाजांच्या जुडग्यांना 'फोनीस्थीम' असं नाव दिलं. आपल्याकडे 'झ' घ्या: झळाळी, झगमग, झळकणे, झिलई. लगेच मुलगा म्हणेल, झाड कुठे चमकतं? बरोबर. ग्लव्हही चमकत नाही आणि स्नोला नाक नसतं. हा नियम नव्हे, कल आहे.

तर विश्वास ठेवायचा की नाही? ठेवा, पण नवीन बिऱ्हाडकरूवर ठेवतो तेवढाच. नाव विचारायचं, कुठून आला विचारायचं, कुणाबरोबर ऊठबस आहे बघायचं, मग किल्ली द्यायची.

आता क्लास. पैसे तुमचे, निर्णय तुमचा, पण मी लावला नसता. तीस दिवसांत तीन हजार म्हणजे रोज शंभर शब्द, आणि असे क्लास बहुतेक वेळा शब्दकोशाच्या क्रमाने जातात. म्हणजे सारख्या दिसणाऱ्या शब्दांची रांग एकाच दिवशी. शाळेत तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवताना मी हा प्रयोग नको तितक्या वेळा केला आहे. 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट' एकाच तासाला शिकवले की परीक्षेपर्यंत दोन्हींची खिचडी. एक आज शिकवा, तो मुरू द्या, दुसरा पंधरा दिवसांनी. मग दोन्ही टिकतात. तुम्हाला शंभर नकोत, रोज तीन पुरे. वही अशी करा: डावीकडे शब्द, ज्या वाक्यात भेटला त्या वाक्यासकट. मध्ये त्याचा घरातला नातेवाईक, असला तर: इनव्हॅल्युएबल, अमूल्य. उजवीकडे त्याच्यासारखा दिसणारा तोतया, आणि तो मात्र लगेच पाठ करायचा नाही, नुसता नोंदवून ठेवायचा. शब्द सेंटरमधूनच उचला, रिपोर्ट, पाट्या, कंपन्यांच्या ईमेल यांतून. परीक्षाही तुमच्याच कामाची असेल. नमुना पेपर मागा. तो मागायला लाज कसली, बाकीचे उमेदवारही मनातून तेच मागत असतील.

शब्दकोश मात्र चांगला घ्या, शब्द कुठून आला ते सांगणारा. मुलाच्या फोनवरचा फुकटचा नुसता एका ओळीत अर्थ देतो, आणि ती एक ओळच पुढे गोंधळ करते. आपल्या गावाला ही हौस जुनी आहे. कारभार लोकांच्या भाषेत चालायचा तर इंग्रजी शब्दाला नेमका शब्द हवा, म्हणून सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ साली, 'श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू' नावाचा कोश निघाला. एका इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली. तो कोश बघताना मला नेहमी वाटतं, कचेऱ्यांतल्या कारकुनांना इंग्रजी शब्द कळत नाही म्हणून कुणी हसत बसलं नाही, बसून कोश तयार केला.

फॉर्म भरू का, या प्रश्नात मला दोन प्रश्न दिसतात. एक, परीक्षा झेपेल का. झेपेल, आणि नाही झेपली तर आहे ती नोकरी कुठे जात नाही. दुसरा तुम्ही विचारलेला नाही: ही जागा तुम्हाला हवी आहे का? सुपरवायझर म्हणजे रजांची भांडणं, रविवारची पाळी, जिच्याबरोबर आज डबा खाता तिला उद्या उशीर का झाला विचारणं. ते नको असेल तर फॉर्म भरू नका, आणि त्याचं खापर इंग्रजीवर फोडू नका. हवं असेल तर भरा. 'नसती उठाठेव' म्हणणाऱ्या यजमानांना मी फार दोष देणार नाही. दिवाळीनंतरचे पंधरा दिवस घरात तुमचा चेहरा त्यांनीच बघितला आहे, तो पुन्हा बघायचा नाही एवढाच त्यांचा अर्थ असू शकतो. त्यांच्याही शब्दाच्या पहिल्या दोन अक्षरांवर जाऊ नका.

मुलाशी काय करायचं? शिकवू दे त्याला. पण सौदा करा: त्याने एक इंग्रजी शब्द फोडायचा, तुम्ही एक मराठी. महिनाभरात तुमच्या लक्षात येईल की त्याचं इंग्रजी तोंडात आहे, मुळात नाही. आणि त्याच्या लक्षात येईल की आईकडे मुळं आहेत. याहून जास्त भाषण त्याला देऊ नका.

राहिले डॉक्टर. तुम्ही लिहिता, 'आता कोणत्या तोंडाने बोलू.' त्यांना पंधरा दिवस कळलंच नसेल की काय बिनसलं आहे. चांगलं लिहून पाठवलं आणि बाई बोलेनाशी झाली. त्यांनी काय काय तर्क केले असतील देव जाणे. दार लावून लांबलचक माफी मागायची गरज नाही. दोन वाक्यं पुरेत, मराठीत, गुजरातीत, जमेल त्यात: 'सर, तुमच्या चिठ्ठीतला शब्द मी उलटा वाचला, म्हणून रुसले होते. आता अर्थ कळला, मदतीची दखल घेतलीत, आभार.' हसतील. हसू द्या. हायपर-हायपोची दोन रंगांची यादी त्याच वेळी हातात असू द्या.

आणि हे पंधरा तारखेच्या आत उरका, कारण तुम्हीच पत्राच्या शेवटी लिहिलं आहे की फॉर्मवर शिफारशीची सही त्यांचीच लागते.